बाईंचा खलबतखाना

बाईंच्या दारावर ‘शैक्षणिक सलाहकार’ अशी पितळी पाटी होती. सल्ला मात्र त्यांनी मला चार वर्षांत एकही दिला नाही. मलाच असं नाही, कोणालाच दिला नाही. नवीन आलेली मुलं वही-पेन घेऊन आत जायची आणि बाहेर यायची तेव्हा त्यांच्या बोटांना मिऱ्यांचा नाहीतर सुंठीचा वास येत असायचा. वही कोरीच.

आमचं फार्मसी कॉलेज दिल्लीच्या पार कडेला आणि आमचं घर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणजे दर काही वर्षांनी दाराशी ट्रक ठरलेला. कॉलेजात एकदा वरून फर्मान निघालं की प्रत्येक शिक्षकानं थोडेथोडे विद्यार्थी वाटून घ्यावेत. त्यांची हजेरी, त्यांचे राहिलेले विषय, त्यांच्या अडचणी बघाव्यात. कागदावर त्याला ‘मेंटरशिप’ म्हणत. बाई म्हणत, "दत्तकविधान." मी खरं तर दुसऱ्या एका सरांच्या वाट्याला गेले होते. माझं आडनाव मराठी दिसलं म्हणून बाईंनी मला मागून घेतलं. "अगं, दिवसभर हिंदी बोलून माझा जबडा दुखतो," त्या म्हणाल्या, "म्हटलं एक तरी मराठी पोर असू दे."

आता हे बोलायचा त्यांना काय अधिकार होता, देव जाणे! बाईंची हिंदी म्हणजे मराठीच होती. लॅबमध्ये त्या ओरडायच्या, "वो बरणी का झाकण घट्ट लावो, नहीं तो पावडर दमट होयेगा!" हरियाणाची, बिहारची, काश्मीरची मुलं मुकाट झाकणं घट्ट लावायची. रिक्षात बसल्या की "भैया, उजवीकडे! अरे उजवीकडे!" आणि रिक्षावाला बिचारा खरोखर उजवीकडे वळायचा. तो आवाजच तसा होता. ‘दोनच वर्षं’ म्हणून त्या वाईहून दिल्लीला आल्या होत्या आणि त्याला आता तीसेक वर्षं होत आली होती. दर उन्हाळ्यात त्या सांगायच्या, "या वर्षी मी वाईला परत जाणार." दर जुलैत नव्या बॅचला बरण्यांची झाकणं लावायला शिकवायच्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं. त्यांनी मागं वळून पाहिलं. "मॅडम म्हटलं की मला वाटतं माझ्या मागं कोणीतरी वेगळीच उभी आहे. बाई म्हण." तेव्हापासून त्या बाई.

सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, वरून लॅबचा ॲप्रन. ॲप्रनच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात लवंगा, आणि वर्गात बोलता बोलता दोन्हींची गल्लत व्हायची. एकदा त्यांनी फळ्यावर लवंगेनं लिहायचा प्रयत्न केला होता. खडू तोंडात गेला होता की नाही हे कळलं नाही, कारण त्यांनी चेहरा अजिबात बदलला नाही. थंडीत कानटोपी. ती दिवाळीला चढायची आणि होळीलाच उतरायची.

औषधांच्या दुकानदारांना तर त्यांनी सळो की पळो करून सोडलं होतं. रस्त्यानं जाताना मध्येच कुठल्याही दुकानात शिरायच्या आणि म्हणायच्या, "जरा फ्रीज उघडून दाखवो." इन्शुलिनच्या शेजारी कोल्ड्रिंकची बाटली दिसली की झालंच! आमच्या कॉलेजच्या नाक्यावरचा दुकानदार बाई लांबून दिसल्या की बाटली काढून टेबलाखाली ठेवायचा. बाईंना ते ठाऊक होतं. त्या आत जाऊन शांतपणे म्हणायच्या, "टेबल के नीचे का कोल्ड्रिंक गरम होयेगा, पी लो."

पालकांशी त्यांचं फारसं जमायचं नाही. कारण प्रत्येक पालक येऊन पहिला प्रश्न हाच विचारायचा, "मैडम, फार्मसी में स्कोप क्या है?" या ‘स्कोप’ शब्दानं बाईंचं डोकं उठायचं. "स्कोप? मायक्रोस्कोप है ना, बाजूके लॅब में. चावी देऊ?" पालक ओशाळून हसायचे. एक जण मात्र खरंच चावी घेऊन गेला आणि अर्धा तास कांद्याच्या पेशी बघून खूश होऊन परत आला. बाईंना तो गृहस्थ फार आवडला.

आम्हा मुलांना त्या नावानं हाक मारत नसत. औषधाचा जो प्रकार, ते नाव. माझी हरियाणाची मैत्रीण ‘सस्पेन्शन’, कारण हलवल्याशिवाय तिचा उपयोग नाही. वर्गातला एक गोडबोल्या मुलगा ‘सिरप’. फसफसून उठणारा आणि लगेच शांत होणारा एक होता, तो ‘एफर्व्हेसंट’. मी ‘एंटेरिक कोटेड’. ज्या गोळीवर असं आवरण चढवतात की ती पोटातल्या आम्लात विरघळू नये, थेट आतड्यात जाऊन उघडावी, ती. मी विचारलं, "बाई, मी का?" त्या म्हणाल्या, "तू तोंडात विरघळत नाहीस, पोटात विरघळत नाहीस. कुठंतरी पुढं जाऊन उघडतेस. तोवर माणूस वाट बघून कंटाळतो." मला राग आला होता. तोही मी बोलून दाखवला नाही.

खलबतखान्याची सुरुवात माझ्यापासून झाली. पहिलं वर्ष होतं आणि माझी हजेरी घसरली होती. मनच लागत नव्हतं. मेडिकलच्या परीक्षेत, ‘नीट’मध्ये, मार्क कमी पडले म्हणून मी फार्मसीला आले होते. आईच्या मते मी इथं नुसती वेटिंग रूममध्ये बसले होते. खरी गाडी अजून यायची होती. "डॉक्टरची चिठ्ठी वाचणारी होण्यापेक्षा लिहिणारी हो," हे तिचं वाक्य मी रोज ऐकायचे, जेवणातल्या चटणीसारखं.

तर बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं आणि भर हिंदी मंडळींत खणखणीत मराठीत म्हणाल्या, "उद्या चारला माझ्या खोलीत ये. खलबत करायचंय." आणि बूट चुकचुक वाजवत निघूनही गेल्या.

आमच्या घरातलं मराठी म्हणजे "चलो, जेवायला या" आणि "यार आई, बिल्कुल वेळ नाहीये" इतपत. आईबाबांचं चांगलं होतं, पण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात बरंच पाणी पडलेलं असायचं. ‘खलबत’ मला कुठून माहीत असणार? घरी येऊन मी विचारलं, "आई, खलबत म्हणजे काय गं?" मिक्सर चालू होता. आई आतून ओरडली, "खलबत्ता? ओट्याखाली आहे बघ, डाव्या बाजूला. कशाला हवाय?"

मी म्हटलं, "बाईंनी मागवलाय."

फार्मसीचं कॉलेज. पावडरी घोटल्याशिवाय आमचा एक दिवस जात नाही. त्यामुळे मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही, आणि आईलाही नाही. तिनं फक्त बजावलं, "जपून ने, जपून आण. माझ्या आईनं लग्नात दिलाय तो."

तो खलबत्ता म्हणजे चांगला जाडजूड लोखंडी ऐवज. मी तो बॅगेत घालून मेट्रोला गेले. एक्स-रे मशिननं माझी बॅग गिळली आणि पट्टा थांबला. सुरक्षेवरच्या बाईनं चेन उघडली.

"ये क्या है?"

"खलबत्ता."

"क्या बत्ता?"

मागच्या रांगेतले एक काका मदतीला धावले. "अरे मैडम, इमामदस्ता है, इमामदस्ता."

"हाँ, तो इमामदस्ता लेके कहाँ जा रही हो? किसका सर फोड़ना है?"

"कॉलेज. मैडम ने बुलाया है."

ती माझ्याकडे बघतच राहिली. अख्खी रांग हसत होती. शेवटी मी ओळखपत्र दाखवलं, त्यावरचं ‘फार्मसी’ तिनं दोनदा वाचलं आणि मान हलवून मला सोडलं.

चारच्या ठोक्याला मी तो खलबत्ता बाईंच्या टेबलावर धप्पकन ठेवला. बाईंनी खलबत्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, खलबत..."

पुढचं मला बोलताच आलं नाही, कारण बाई हसायला लागल्या होत्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला, ॲप्रन डोळ्यांना लावला, आणि हसता हसता खुर्चीसकट मागं सरकल्या. "अगं ठोंबे! खलबत म्हणजे गुप्त मसलत! गडावर खलबतखाना असायचा. राजे आणि कारभारी आत बसून ठरवायचे, बाहेर वाऱ्यालाही पत्ता लागायचा नाही. आणि तू खलबत्ता घेऊन आलीस! मेट्रोनं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हसू ओसरल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडला आणि मूठभर वेलदोडे खलात टाकले. "आणलायस तर कूट. चहाला लागतात."

मी कुटायला लागले. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. काहीच विचारेनात. माझं मलाच कळलं नाही कधी, पण मी बोलायला लागले होते. नीटचं, आईचं, वेटिंग रूमचं, वर्गात बसलं की आपण पाहुणे आहोत असं वाटतं त्याचं. हात चालू असला की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बाईंच्याही आलं असावं. मध्येच त्यांनी खलातली चिमूटभर पूड घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाल्या, "भरड आहे अजून. बोल."

मी आणखी बोलले. त्यांनी पुन्हा चिमूट घेतली. "झालं बारीक. जा आता. सोमवारपासून वर्गात दिस."

बस्स. निघताना मी खलबत्ता उचलायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे इथं. परवा ने." ते परवा काही आलं नाही.

त्या दिवसापासून बाईंच्या खोलीत कुटल्याशिवाय बोलायची सोय उरली नाही. त्यांनी अडचणीप्रमाणे माल ठरवून टाकला. हजेरी कमी असेल तर वेलदोडे, ते चटकन होतात. विषय राहिला असेल तर मिरी. प्रेमप्रकरणालाही मिरी, कारण शिंका आल्या की माणूस भानावर येतो, असं बाईंचं शास्त्र. आणि कोर्स सोडायचा असेल तर सुंठ. सुंठ लवकर फुटत नाही, फुटली तरी तिचे तंतू राहतात, दंड भरून येतात. "सुंठ बारीक होईस्तोवर ज्याचा विचार टिकला, त्याचा विचार खरा," बाई म्हणायच्या. निम्मी मुलं अर्ध्यातच बत्ता ठेवून वर्गात परत जायची.

बाई ऐकायच्या ते नुसतं बोलणं नव्हे. त्या बत्त्याचा आवाजही ऐकायच्या. रागावलेला माणूस ठोकतो, दमलेला थांबत थांबत कुटतो, आणि जो खोटं बोलतो तो बत्ता नुसता गोल गोल फिरवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. ‘सिरप’ एकदा आजारपणाचं कारण सांगत होता. बाई म्हणाल्या, "फिरवो मत, कूटो." सिरपनं लगेच कबूल केलं की तो मॅच बघायला गेला होता.

आणि हे सगळं कुटलेलं जायचं कुठं? बाईंच्या चहात, आणि बाईंच्या थर्मासमधून स्टाफरूममध्ये. अख्खा स्टाफ आमची दुःखं चहातून पीत होता आणि म्हणत होता, वा मैडम, क्या चाय है!

इकडे घरी आईचा पारा चढत चालला होता. रोज वेलदोडा कुटायची वेळ झाली की ती लाटणं घ्यायची आणि आम्हाला ऐकू जाईल असं ओट्यावर आपटायची. "एवढी कॉलेजात शिकवणारी बाई, तिला एक खलबत्ता विकत घेता येत नाही? माझ्या आईची वस्तू ती. उद्या आण." मी हो म्हणायचे. मग बाईंच्या खोलीत जावं तर कोणी ना कोणी कुटत बसलेलं असायचं, आणि रडणाऱ्याच्या हातातून बत्ता कसा ओढून घ्यायचा?

दुसऱ्या वर्षी आम्हाला एका हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, औषधांच्या खिडकीशी उभं राहून बघायला. तिथं एक आजी आल्या. मुलगा फौजेत, दिल्लीच्या छावणीत राहायचा, आजी सांगलीकडच्या खेड्यातून त्याच्याकडे आलेल्या. थायरॉइडची गोळी चालू होती आणि काही केल्या गुण येत नव्हता. डॉक्टर डोस वाढवत होते. खिडकीतला माणूस आजींना विचारत होता, "अम्मा, गोली खाली पेट लेती हो ना?"

"होय की," आजी म्हणाल्या, "रोज घेते. पर लई अवघड जातं बघा. गोळी नरड्यात अडकते."

तो पुढच्या माणसाकडे वळला. पण मला ते ‘अवघड’ खटकलं. मी आजींना बाजूला घेतलं. "आजी, कशी घेता गोळी, दाखवा बरं."

आजींनी हातानं करून दाखवलं. "च्या-भाकरी झाली की खाटंवर पालथी पडते. त्यानं सांगितलंय न्हवं, पोट खाली करून घ्यायची."

खाली पेट! हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं, आणि आजींच्या मराठीत ‘खाली’ म्हणजे खाली. बिचारी बाई भरल्या पोटी, खाटेवर पालथी पडून, मान वर करून रोज ती गोळी गिळत होती. मी हसले नाही. मेट्रोत खलबत्ता घेऊन निघालेल्या मुलीनं कोणत्या तोंडानं हसायचं? मी त्यांना समजावलं, सुनेला फोन लावून समजावलं, पाकिटावर मराठीत लिहून दिलं, ‘सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, बसून’. आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला. त्या संध्याकाळी मेट्रोत उभी असताना मला पहिल्यांदाच असं वाटलं की मी वेटिंग रूममध्ये नाहीये. माझी गाडी आली होती आणि मी तिच्यात बसलेही होते. मला हेच करायचं होतं.

पण हे घरी सांगितलं असतं तर मी एंटेरिक कोटेड कसली!

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात बाबांची नागपूरला बदली झाली. रात्री जेवताना सगळं ठरूनही गेलं. मी कॉलेज सोडायचं, त्यांच्याबरोबर नागपूरला जायचं, तिथं वर्षभर क्लास लावून पुन्हा नीट द्यायची. "एका परीनं बरंच झालं," आई म्हणाली, "नाहीतरी तुझं तिथं मन नव्हतंच." मी भाताचे कण गोळा करत राहिले. बाबांनी विचारलं, "चालेल ना?" मी मान हलवली. कोणत्या बाजूला, ते माझं मलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी चेहरा पाहिला आणि न विचारता सुंठ काढली. मी ठोकत होते, रडत होते आणि आजींची सगळी गोष्ट सांगत होते. बाईंनी मध्येच विचारलं, "हे आईला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"तिला वाईट वाटेल. तिनं फार स्वप्नं बघितलीत."

"मग मला कशाला सांगतेस? मी काय करू?"

"बाई, तुम्ही सल्लागार आहात ना!" मी चिडून बत्ता आपटला. "काहीतरी सांगा की! तुम्ही बोला आईशी."

"खलबतातलं बाहेर जात नाही," त्या म्हणाल्या. चिमूट घेतली, चोळली. "आणि भरड आहे अजून."

मला त्यांचा इतका राग आला की मी तशीच उठून निघून आले. कॉलेज सोडल्याचा दाखला जिथं मिळतो, त्या खिडकीवर जाऊन अर्ज घेऊन आले.

घरात सामान बांधायचं काम सुरू झालं. पेट्या, सुतळी, वर्तमानपत्रं. स्वयंपाकघराची पेटी भरताना आईला खलबत्ता आठवला आणि तिचा बांध फुटला. "ट्रक येईल परवा, आणि माझ्या आईची वस्तू त्या बाईकडे! तुझ्याच्यानं होणार नाही ते. मीच जाते." मी म्हटलं, आई, मी आणते. "तू दोन वर्षं आणतेच आहेस," ती म्हणाली, पर्स उचलली आणि गेली.

मी दुपारभर घरात येरझारा घातल्या. आई रागाची, बाई फटकळ. तिथं काय महाभारत होईल कोण जाणे! ती जेवणाच्या सुमाराला गेली होती आणि दिवेलागणीला परत आली. हातात पर्सच होती. खलबत्ता नव्हता.

बोटांना सुंठीचा वास येत होता.

"मिळाला नाही?" मी विचारलं.

"राहू दे तिथं. पोरांना लागतो," आई म्हणाली. मग ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबा पेटीला सुतळी गुंडाळत होते. "अहो, हिच्यासाठी हॉस्टेल बघा. ही इथंच शिकणार आहे. औषधांचंच."

बाबांच्या हातातली सुतळी सुटली. "अगं पण, नीट?"

"नीटच चाललंय तिचं," आई म्हणाली आणि पोळ्या करायला आत गेली.

मी बाईंकडे धावले. काय बोललात आईशी, म्हणून किती विनवण्या केल्या! बाई लवंग चघळत राहिल्या. "खलबतातलं बाहेर जात नाही." आईला विचारलं तर ती म्हणायची, "काही नाही, इकडचं तिकडचं." दोघींची युती झाली होती आणि मला मधल्यामध्ये टांगून ठेवलं होतं. पुढची दोन वर्षं मी हॉस्टेलवर राहिले, आणि दर दिवाळीला आई नागपूरहून फराळाचे दोन डबे पाठवायची. मोठा बाईंचा.

त्या वर्षांत एकदा मी दुपारी बाईंच्या खोलीत डोकावले, तर बाई एकट्याच कुटत बसल्या होत्या. समोरची खुर्ची रिकामी. मी विचारलं, "बाई, कोणाचं चाललंय?"

"माझंच," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "वाईला जायचं की नाही जायचं. तू जा, झाकण लावून घे."

मी दार लोटून घेतलं. बाहेर उभी राहून थोडा वेळ ऐकत राहिले. आवाज सुंठीचा होता.

मागच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. मी आता गुडगावच्या एका हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे असते, आणि ‘खाली पेट’ म्हणताना प्रत्येकाला हातानं पोट दाखवते; लोकांना मी जरा चक्रम वाटते. बाईंनी मला बोलावून घेतलं. खोली रिकामी झाली होती, पाटी तेवढी दारावर होती. "या वर्षी खरंच चालले," त्या म्हणाल्या. टेबलावर खलबत्ता होता, घासूनपुसून लख्ख. इतक्या मुलांच्या हातांनी बत्ता मधोमध गुळगुळीत झाला होता.

"आईला दे. म्हणावं, परवा उजाडलं."

मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "पुरे, कंबर दुखेल तुझी," आणि स्वतःच रडायला लागल्या. मीही रडले. मग आम्ही दोघी त्या खलबत्त्याकडे बघून हसलो. मेट्रोत मला पुन्हा अडवलं, ते वेगळं सांगायला नको.

दिवाळीला खलबत्ता घेऊन मी नागपूरला गेले. बाबाही आता निवृत्त आहेत, दोघांनी तिथंच छोटं घर घेतलंय. मागच्या अंगणात आईचं कढीलिंबाचं झाड भिंतीच्या वर गेलंय. आईनं खलबत्ता दोन्ही हातांनी घेतला, पदरानं पुसला आणि लगेच ओट्यावर ठेवून वेलदोडे टाकले. मी तिच्याशेजारी उभी राहिले.

"आई, आता तरी सांग. त्या दिवशी बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही गं. इकडचं तिकडचं." बत्ता गोल गोल फिरत होता.

मी खलातली चिमूट घेतली, बोटांत चोळली. "भरड आहे अजून."

आईचा हात थांबला. माझ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "त्याही अस्संच म्हणाल्या होत्या." मग ती कुटायला लागली, आता नीट, वरून खाली.

"भांडायलाच गेले होते मी. त्यांनी खलबत्ता पुढं केला, म्हणाल्या, न्या. तेवढी ही सुंठ संपवून द्या. मी आपली कुटतेय आणि बडबडतेय. मुलीला डॉक्टर करायचंय, असं करायचंय, तसं करायचंय. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. ‘तुम्हाला काय करायचं होतं?’" आईनं डोळे पुसले, मनगटानं. "मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं गं. तुझ्या बाबांनी नाही, माझ्या आईनं नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"मला कुठं काय व्हायचं होतं! मला एका गावात राहायचं होतं. भोपाळला कढीलिंब लावला, चंदीगडला लावला, गुवाहाटीला लावला, आर. के. पुरमला लावला. एकाचंही पान फोडणीत पडलं नाही. रोप हाताला आलं की ट्रक दाराशी. आणि तुझी तर नुकती पानं फुटत होती, रोज संध्याकाळी तुझा चेहरा बघत होते ना मी. तू सांगितलं नाहीस म्हणून काय मला दिसत नव्हतं? तरी मी तुला उपटून ट्रकमध्ये घालायला निघाले होते. म्हटलं, नाही. हिला तरी राहू दे."

तिनं खल माझ्यापुढं सरकवला. "बघ आता."

मी चिमूट घेतली. पूड अगदी पिठासारखी झाली होती.

"झालं बारीक," मी म्हटलं, आणि आईनं चहाचं आधण ठेवलं.